सव्वा किलो

खडेबाजारात दस्तगीरभाईच्या रद्दीच्या दुकानात
आप्पांनी पुस्तकं घेतली ती वजनावर.
सव्वा किलो. पाच पुस्तकं,
आणि काटा सम यावा म्हणून वर एक जुनं पंचांग.

अक्षर त्यांना येत नव्हतं, कुठलंच.
पुस्तक ते उघडायचे मधोमध,
जिथं दोरा असतो.
लुगड्याचा काठ बघावा तसा अंगठा फिरवायचे,
एखादा टाका नखानं उचकून बघायचे.
डिंकानं चिकटवलेली सगळी बाजूला सारली.
"महाग हाईत," म्हणाले, "खरं शिवण बरी हाय."

त्याच आठवड्यात सावकारानं दोन लुगडी परत केली होती.
हे मला आईकडून कळलं,
फार नंतर.

शहापुरातलं आमचं घर म्हणजे एक माग
आणि मागाभोवती उरलेली जागा.
खड्ड्याच्या काठावर पाय सोडून मी वाचायला बसले.
एक गोष्टींचं, शेवटची पानं नसलेलं.
एक गुरांच्या रोगांवरचं; गुरं नव्हती आमच्याकडं,
तरी लाळ्या-खुरकूत अजून पाठ आहे.
एक भूमितीचं. एक कुणा वकिलाच्या प्रवासाचं,
आत जांभळ्या शाईत : कु. प्रमिला, इयत्ता नववी.
तिनं विकलं असेल, की तिला न विचारता?

पाचवं कानडी निघालं.
तिसरीत होते. कानडी यायची ती तोंडात, डोळ्यांत नाही.
मी रडले.
आप्पांनी धोटा थांबवला.
"का गे शेवंते, उसवलं काय?"
काय सांगणार होते. म्हटलं, "न्हाई, बरं हाय की."

ते घेऊन गेले शेजारच्या निंगव्वाकडं.
भाकरी थापता थापता ती एकेक अक्षर दाखवायची,
"ओदव्वा, ओदु."
पहिल्या पानावर तिच्या पिठाचं बोट
अजून आहे.

संध्याकाळी आप्पा विचारायचे, "वाचूलीस काय?
मोठ्यानं वाच की."
गोष्टींत त्यांचं मन रमायचं नाही.
भूमिती मात्र कान देऊन ऐकायचे.
समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत,
मी वाचलं.
"बराबर," खड्ड्यातून आवाज आला,
"ताणा तसाच असतोय.
मिळाल्या तर माल परत येतोय."

आता खड्डा बुजवून वर फरशी घातलीय.
त्यावर फ्रीज आहे, आणि तो थोडा हलतो.

दुकानात गेले की अजून मी
पुस्तक मधोमध उघडते, अंगठा फिरवते.
पोरगा काउंटरवरून सांगतो,
"बाई, किंमत मागच्या बाजूला हाय."