तीन मीटर

तापकीर गल्लीत दुकानदाराने विचारलं,
'मॅडम, एका बाजूला काय आणि दुसऱ्या बाजूला काय?'
मी म्हटलं, एका बाजूला माझा कंप्युटर,
दुसऱ्या बाजूला ह्यांचा अ‍ॅम्प्लिफायर.
'ह्यांचा' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वापरला,
चार्जर आणि दिव्यांच्या माळांखाली उभी राहून.
लग्नाला पाच आठवडे झाले होते,
दोघांचं वय मिळून एकशे एकोणीस.
'दीड मीटर की तीन?'
दिगंबर म्हणाला, 'तीन द्या.
कमी पडायला नको.'

अ‍ॅम्प्लिफायर त्याने एकोणनव्वद साली घेतलेला,
खडकीला नोकरीत असताना, पहिल्या बोनसमधून.
चंदेरी बटणं. आवाजाचं चाक
जुन्या घड्याळाच्या किल्लीसारखं अडत अडत फिरतं.
पाठीमागे लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्या,
खालची अक्षरं पुसट.
टॉर्च दातांत धरून तो फरशीवर पालथा,
त्यामुळे शब्द अर्धेच बाहेर येत होते:
'फोनोत नको घालूस. तिथे तबकडीचा
बारीक आवाज मोठा करायची सोय असते.
तुझा कंप्युटर किंचाळेल तिथे.'
मी तोवर घातली होती.
किंचाळला.
वर पेंडशांनी खुर्ची सरकवली.

मग ऑक्समध्ये.
आणि मग ती घरघर,
जाड, संथ, एकाच पट्टीतली,
शेजारच्या खोलीत कुणी पाहुणा झोपलाय तशी.
माउस हलवला की तिच्यात किर्र,
फाईल उघडली की किर्रकिर्र,
विचार करताना कंप्युटर दात खातो
हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.
वायर बदलून आणली. तीच घरघर.
चार दिवस आम्ही तिच्यासोबत जेवलो.

रास्ता पेठेतले कुरणे आता दुकानात बसत नाहीत,
फोनवर सांगतात. ते म्हणाले,
'दोघांना वीज वेगवेगळ्या भिंतींतून ना?
मग अर्थिंग वेगळं पडतं. दोघांची जमीन एक नाही,
आणि तुम्ही मध्ये वायर टाकलीत.
एकाच बोर्डाला लावा दोघांना.'
फोन स्पीकरवर होता.
ठेवल्यावर आधी दिगंबर हसला.

माझं टेबल खिडकीशी होतं,
ती खिडकी मी लग्नाआधीच मागून घेतली होती.
त्यामुळे हलला तो अ‍ॅम्प्लिफायर,
मागोमाग दोन्ही स्पीकर, एकेक करून,
खाली जुनी सतरंजी घालून ओढत.
पलीकडच्या भिंतीवर एक उजळ चौकोन राहिला.
बोर्ड एकच. बटण दाबलं.
शांतता इतकी, की पंखा ऐकू आला.

'लाव काहीतरी.'
माझ्याकडे गाणी नाहीत.
पाषाण तलावावर सकाळी जायचे,
तेव्हा फोनवर पकडलेले पक्षी आहेत,
फाईलला नुसत्या तारखा.
अठरा सालातली एक लावली.
आजवर हे पक्षी मी चिमटीत धरल्यासारखे ऐकले होते.
आता जांभळी पाणकोंबडी सोफ्याच्या मागून बोलली,
पाणी फरशीवर आलं,
कुणाचे तरी बूट डावीकडून उजवीकडे गेले,
लांब एक स्कूटर सुरू होईना.
आणि अगदी शेवटी, जिथे मला
नुसती खरखर आहे असं वाटायचं,
तिथे एक बाई स्वतःशीच म्हणाली,
'आता घरी जाऊन तरी काय करायचंय.'

दिगंबरचा हात चाकावर होता.
त्याने आवाज कमी केला नाही, वाढवलाही नाही.
फाईल संपली. थोड्या वेळाने म्हणाला,
'तो शेवटचा कुठला पक्षी?'
मी म्हटलं, ओळखू नाही आला.
'परत लाव,' म्हणाला, 'बघू.'

तेवढ्यात बँकेचा मेल आला,
टिंग,
घराएवढी.
वर पेंडशांनी खुर्ची सरकवली.