चार सुया

पिनार देल रिओच्या दवाखान्यात
पंखा आहे, वीज नाही.
ओदालिस नर्स पुठ्ठ्याने वारा घालते,
आधी बर्फातल्या लशीला, मग स्वतःला.

निवाल्दो शर्ट काढून, पट्टा सैल करून बसलाय.
दोन सुया दोन दंडांत, दोन कुल्ल्यांवर.
"चारी वेशींवर दवंडी पिटायची," ती म्हणते,
"एका कोपऱ्यात कुजबुजून भागत नाही."

हे त्याला पटतं.
एकेचाळीस वर्षं चिरुटाच्या कारखान्यात
उंच खुर्चीवर बसून तो मोठ्याने वाचत आला.
सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी.
खाली दोनशे माणसं पानं वळत,
मान खाली, कान वर.
प्रकरण रंगलं की सगळ्यांची पाती
एकदम फळ्यांवर वाजायची.

एका कादंबरीतला चोर
शेवटपर्यंत त्याच घरात जेवत होता,
घरच्यांच्या पंगतीला, घरच्यांच्या मापाचे कपडे घालून.
फुप्फुसातली गाठ तशीच.
परकी असती तर रक्तानं केव्हाच हाकलली असती.
पण ती त्याच्याच पेशींची,
त्याच्याच अंगातून पाझरणाऱ्या रसावर पोसलेली.
आपलेच दात, आपलेच ओठ.
पहारेकरी रामराम करून सोडत राहिले.

लस गाठीला मारत नाही, ओदालिस सांगते.
नुसती वाचून दाखवते,
रक्तातल्या त्या मान खाली घातलेल्यांना,
जरा वरच्या पट्टीत:
हा रस जातो कुणाच्या घशात, बघा.
वाट अडवा.

दंडावर देवीचा जुना वण आहे.
तेव्हा आईनं रडं थांबवायला उसाचं कांडं दिलं होतं.
ओदालिस काहीच देत नाही.
ताप येईल, म्हणते. येऊ दे.

रात्री हुडहुडी भरते.
मिग्देलिया घरातली दोन्ही पांघरुणं त्याच्यावर टाकते,
वर टेबलावरचं कापडही.
दातांवर दात वाजतात
आणि त्याला वाटतं, फळ्यांवर पाती वाजतायत.
ऐकलं. त्यांनी ऐकलं.

सहा महिन्यांनी डॉक्टर फिल्म खिडकीशी धरतात.
आहे तिथेच. आहे तेवढीच.
मग खाली बघून अजून काहीतरी लिहितात.

घरी निवाल्दो चष्मा पुसतो,
रिपोर्ट मोठ्याने वाचतो, स्वल्पविरामांना थांबत,
आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
एक ओळ गाळतो.

मिग्देलिया तिसऱ्या रांगेत बसायची.
ती वर बघत नाही.
तांदूळ निवडते.