दंड

जत्राट वेशीच्या आतल्या गल्लीत
दर मंगळवारी मी मशीन घेऊन जातो.
आमच्या निपाणीत बाईसुद्धा 'जातो'च म्हणते,
पुण्याची जाऊ हसते त्याला. हसू दे.
रजिस्टर कानडीत, बाया मराठी,
आकडे तेवढे दोन्हीकडचे सारखे.

हौसाक्का गवंडी. वय एकोणपन्नास.
वखारीत तंबाखू निवडते.
पदर सारून डावा दंड पुढं करते
आणि बोलत असलेली मधेच थांबते.
पट्टा फुगत जातो, मशीन घुरघुरतं,
ती दाराकडं बघते.
दारात कोणी नसतं.
वर एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार.

डॉक्टर म्हणाले, मीठ.
तिनं लोणच्याची बरणी उचलून नणंदेकडं दिली.
मग म्हणाले, मिश्री.
दिवसभर तंबाखूत कोपरापर्यंत हात
आणि दाताला मिश्री नाही,
हे कसं जमवलं ते तिचं तिला ठाऊक.
गोळी रोज, जेवणाआधी, न चुकता.
आकडा जागचा हलला नाही,
वसुलीला आलेल्या माणसागत बसून राहिला.

शिवलीला सिस्टर विचारतात, "एनात री, अक्का?"
ती म्हणते, "एनू इल्ल री."
मी विचारतो, काय झालंय?
ती म्हणते, काय न्हाई.
भाषेवरनं इथं दगड पडलेत, गाड्यांच्या काचा फुटल्यात.
'काय न्हाई' एवढ्यावर मात्र
दोन्ही भाषांतल्या बायांचं एकमत आहे.

एका मंगळवारी ती चिंच फोडत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"आज उजव्याला लाव की गे."
का, असं मी विचारलं नाही. पट्टा सोडवत राहिलो.
"डाव्याला त्यानं धरलं हुतं.
पोत्यांच्या मागं. मी सतराची.
चार बोटं हिकडनं, अंगठा तिकडनं,
बरोबर तुझा पट्टा बसतोय तिथं."
एक चिंचोका लांब उडाला.
"मेला की त्यो. धा वर्सं झाली.
दुखवट्याच्या भाकऱ्या मीच नेऊन दिल्या,
गल्लीतला माणूस म्हटल्यावर.
हात जळला त्याचा. धरणं ऱ्हायलं."

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
बोललं की हलकं होतं.
म्हणून मी आशेनं बटण दाबलं, उजव्या हाताला.
एकशे शहाऐंशी.
चढला होता.
मी आकडा तळव्यानं झाकायला गेलो,
तिनं तो आधीच वाचला होता.
"बघ," ती म्हणाली, "रगताला कुठला डावा-उजवा."

चौथीत शब्दाचे दोन अर्थ लिहायचे होते.
दंड: बाहू. दंड: शिक्षा.
दोन्ही लिहिले, दोन मार्क मिळाले.
गुन्हा कुणाचा आणि भरायचा कुणी,
हे प्रश्नपत्रिकेत नव्हतं.
रजिस्टरातही नाही. तिथं मीठ आहे,
तंबाखू आहे, साखर आहे,
आईबापाला होता का, ते आहे.
शेवटी 'इतर', नखाएवढी जागा.
त्यात बत्तीस वर्षं मावेनात,
आणि माझं कानडी नावगाव लिहिण्यापुरतंच.
मी तिथं एक टिंब दिलं.

त्या दिवसापासनं पट्टा काढायच्या आधी विचारतो,
कुठल्या हाताला लावू?
बहुतेकजणी हसतात, कुठल्याबी लाव की म्हणतात.
काही जणी थांबतात,
मग उजवा पुढं करतात.
मी काही बोलत नाही, वही उघडतो.

परवा कोपऱ्यावरच्या घरी
पंचविशीच्या आतली एक, नवी सून.
प्रश्न ऐकून तिनं
दोन्ही हात पदराखाली घेतले.
म्हणाली, आधी चहा घ्या.
मी मशीन पिशवीत ठेवलं
आणि चहा घेतला.