दोन उभ्या, पाच आडव्या

खानापुरात स्टेशन रोडला
कौलाच्या कारखान्याची भिंत होती, बावन्न फूट.
मष्णू घाडीला मी तिच्यावर पाच वेळा उभा केला.

पहिल्यांदा अठ्ठ्याहत्तर साली. चिन्ह शिडी.
मी एकोणीस वर्षांचा, ब्रश उधारीचा,
निळीत डिंक घालून केलेला रंग.
तो सायकलवरून आला, बघत राहिला, म्हणाला,
नाव जरा मोठं काढ, मला लांबचं दिसत नाही.
पडला. चार हजार एकशे बाराने.
तो आकडा तो अजून
बहिणीच्या लग्नाच्या तारखेसारखा सांगतो.

त्र्याऐंशीला छत्री.
छत्रीच्या काड्या सारख्या येईनात,
रात्री दोनला कंदील धरून बायकोनं मोजल्या.
दोनशे अकरा मतांनी आला!
पेढे कमी पडले, तेव्हा
कारखान्यातल्या बायकांनी गूळ वाटला.

बेंगळूरला पहिल्या भाषणाला
तो पिशवीतून एक कौल घेऊन गेला.
भट्टीला लाकूड मिळत नाही, कौलं अशी कच्ची निघतात,
एवढंच दाखवायचं होतं.
मराठीत सुरू केलं. वरून सांगणं आलं, कन्नडात बोला.
त्याला येत नव्हती.
कौल हातात धरून तो तसाच उभा राहिला,
मग बसला.
दुसऱ्या दिवशी कानडी पेपरात: आमदार सभागृहात दगड घेऊन.
मराठी पेपरात: सीमाभागाच्या वाघाची गर्जना.
मष्णू म्हणाला, मी बोललोच नाही की रे.

त्या हिवाळ्यात शेजारच्या बसव्वा टीचरकडे
पाटी घेऊन बसायचा, पोरांच्या मागं, सुम्न.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
आज लिहितोय.

दोन वर्षांत विधानसभा मोडली, पुन्हा भिंत.
या वेळी कपबशी.
(मला बरं झालं, त्या वर्षी मुलीचं बारसं होतं.)
नऊ हजारांनी आला. हार घालून घालून
मान दुखायला लागली त्याची.

मग एकोणनव्वद.
जंगलाकडल्या अकरा गावांना पूल हवा होता.
पूल देतो, म्हणाले मोठ्या पक्षाचे,
आमच्याकडं ये.
तो गेला.
पूल झाला. अजून आहे, लोखंडी कठड्याचा.
अकरा गावं त्या पुलावरून चालत आली
आणि त्याच्या विरोधात मत देऊन
त्याच पुलावरून परत गेली.
त्याच्या दारात कुणीतरी बांगड्या टाकल्या.
त्या बायकोनं वेचल्या, मापाच्या होत्या त्या घातल्या.

चौऱ्याण्णवला अपक्ष, शिट्टी.
आता कानडीतही लिही, म्हणाला.
मला कानडीतला घ येत नव्हता, मी ग काढला.
पोरं ओरडायची, घाडी नव्हे, गाडी आली, गाडी!
डिपॉझिट गेलं.
माझे त्या भिंतीचे तीनशे वीस राहिले.
तेही जाऊ दे, पण त्याच आठवड्यात
पलीकडच्या भिंतीवर
त्याच्यासमोरचा उमेदवार मीच रंगवला होता,
रोख पैसे घेऊन.
त्यानं पाहिलं होतं. बोलला नाही.

गेल्या महिन्यात रस्ता रुंद करायला भिंत पाडली.
चुन्याचे पापुद्रे निघत होते,
एकाखाली एक, शिट्टीच्या पोटात कपबशीचा कान.
तो काठी टेकत आला, शाळेच्या कट्ट्यावर बसला.
चहा मी मागवला, पैसे त्यानं दिले.
दोघांपैकी कुणालाच तीनशे वीस आठवले नाहीत.

बऱ्याच वेळानं विचारलं,
पाचातलं चांगलं कुठलं जमलं होतं रे तुला?
शिडी, म्हटलं. सोपी होती.
दोन उभ्या, पाच आडव्या.

जेसीबीनं तेवढ्यात कोपरा ओढला, धूळ बसेपर्यंत
त्यानं टोपीनं तोंड झाकून घेतलं.
मग टोपी झटकत म्हणाला,
सहा काढायचास की.