तिरकं लेबल

सव्वीस नंबरच्या छापावर, पिवळ्या रंगात,
डाव्या कोपऱ्याच्या जरा वर
माझ्या अंगठ्याचा ठसा आहे.
भिंतीवरच्या पाटीत त्याचा उल्लेख नाही.
पाटी म्हणते: विनिफ्रेड ऑल्डरसन, ग्रिम्स्बी.
रेशमी जाळी, शाई, कागद. १९६४.

जाळी, शाई, कागद, कबूल.
आणि मी, एनिड, आठवड्याला सहा पौंड,
रबराची पट्टी दोन्ही हातांनी
पोटाकडे ओढणारी.

विनी गोदीमागच्या गल्लीतली.
आई मासळीच्या कारखान्यात
बावीस वर्षं डब्यांना लेबलं डकवायची.
लेबलावर हसरा खलाशी,
पिवळी टोपी, एक डोळा मिटलेला.
मिनिटाला चौदा वेळा तो तिच्या बोटांखालून जायचा
आणि घरी कुणीच परत येत नव्हतं,
असं विनी सांगायची.
खरंखोटं तिलाच ठाऊक.
दर मुलाखतीला ती नवं बालपण काढायची,
बर्फातून हेरिंग काढावा तसं,
ताजं, डोळे उघडे असलेलं.

लंडनमध्ये एका बंद पडलेल्या लाँड्रीत
तो खलाशी आम्ही चाळीसदा छापला.
गुलाबी. शेवाळी. निळ्या दातांचा.
एकदा शाई पुरली नाही, अर्धाच उमटला,
तर म्हणाली, राहू दे,
धुक्यातून येतोय अजून.

सव्वीसला माझा हात घसरला.
रात्रीचे दोन, पोटात फक्त चहा.
टोपी डोक्यावरून दोन सूत सरकली
आणि डोळा मिचकावणारा माणूस
डोळ्यात काही गेल्यासारखा दिसू लागला.
कागद चुरगाळायला उचलला, तेव्हाचा तो ठसा.
विनीने मनगट धरलं.
बराच वेळ बघत राहिली, मग
"वाळू दे हा," एवढंच.

त्या दोन सुतांवर पुढे एका समीक्षकाने
अकरा पानं लिहिली.
त्यात चिप्स बांधून आणणार होते मी,
पण कागद गुळगुळीत, तेल शोषेना.

उद्घाटनाला तिची आई आली,
चर्चचा कोट घालून.
सगळ्या भिंती सोडून सव्वीससमोर थांबली,
अंगठा जिभेला लावला
आणि टोपी सरळ करू लागली.
"तिरकं लागलंय गं हे.
असा डबा पुढे गेला तर पैसे कापायचे आमचे."
लोक हसले. ग्लास घेऊन जवळ आले.
विनी हसली नाही.
तिने एक खुर्ची आणली.
आई बसली, मांडीवर पर्स,
चित्रांकडे पाठ करून,
जणू पाळी संपली होती.

मग काय, खलाशी छत्र्यांवर गेला,
टॉवेलांवर, एका बँकेच्या जाहिरातीत.
कारखान्याने आधी खटल्याची धमकी दिली,
खप वाढल्यावर फुलं पाठवली,
आणि दहा वर्षांत तरीही बंद पडला.
विनीने दोन नवरे केले, एक घर विकलं,
आणि हातातली पट्टी एका मंगळवारी
टर्पेंटाइनमध्ये ठेवली ती ठेवलीच.

शेवटी क्लीथॉर्प्सला, समुद्रासमोर खोली.
दर गुरुवारी मी जायचे, बस बदलून.
बंद पडताना कारखान्याचे सत्तर डबे
तिने घेऊन ठेवले होते.
आम्ही एक उघडायचो. मांजरही हुंगायचं नाही.
पण लेबल ती आधी सोडवायची,
कोमट पाणी लावत, नखाने,
एक कोपराही फाटू न देता,
आणि खिडकीच्या काचेला डकवायची.
सरळ. आईसारखं.
तोंड बाहेर, पाण्याकडे.

मी एकदा विचारलं, कुणासाठी?
तिने डबा माझ्यापुढे सरकवला.

आतून आम्हाला दिसायच्या
लेबलांच्या पांढऱ्या पाठी
आणि डिंकाचे डाग, प्रत्येक वेगळा.