घरचे घोडे मोजा

सप्टेंबरात मुलं येतात, कपड्यांना अजून शेणाच्या धुराचा वास.
तोसोन्त्सेंगेलच्या ट्रकमधून खोकं उतरतं:
निम्मे ब्रश मऊ, निम्मे कडक.
कडक कुणी मागवले, देव जाणे.
ते मी बुटांसाठी ठेवते.
हिरडी म्हणजे काही बूट नव्हे.

मऊ तेवढे वाटते. लहान डोक्याचे,
शेवटच्या दाढेमागे वळतील असे.
नोमुन विचारते, हा माझ्या एकटीचा?
घरी चार बहिणींत एकच होता,
जिला आधी जाग येईल तिचा.
हो, तुझ्या एकटीचा.
ती तापल्या खिळ्यानं दांड्यावर नाव कोरते,
शेवटचं अक्षर मावत नाही, तरी खूश.

सुतार दाम्बानं फळी करून दिली, चौतीस भोकांची.
मधे दोन बोटं अंतर, म्हणजे केसांना केस लागणार नाहीत.
धुवायचे, झटकायचे, उभे ठेवायचे, उघडे.
खिडकीपाशी फळी ठेवली तर सकाळी प्रत्येक ब्रशवर बर्फाची टोपी.
चुलीपाशी ठेवली तर दोन वितळले.
आता ती दोन्हींच्या मधे आहे,
आणि माझं डोकंही रोज तिलाच आपटतं.

किती वेळ घासायचं, बाई?
घड्याळ एकच, तेही मुख्याध्यापकांच्या खोलीत.
म्हणून मी सांगितलं, घरचे घोडे मोजा.
रंगानं मोजा. एका दाताला एक घोडा.
ब्रश हिरडीकडे जरा कलता धरा,
छोटी छोटी वर्तुळं, दाबायचं नाही,
घोडा नीट ओळखू येईपर्यंत तिथेच थांबा.
मग पुढचा.

रात्री बादलीभोवती फेसाळ पुटपुट:
अबलख, कुमैत, राखी,
काळा, पण कपाळावर पांढरा.
एकदा नोमुनच्या ब्रशबरोबर दुधाचा दातच निघाला.
चरबीत गुंडाळून आम्ही तो कुत्र्याला दिला,
नवा दात कुत्र्यासारखा पक्का यावा म्हणून.
कुत्र्यानं चरबी चाटली, दात थुंकला.
सगळी हसली, बोळकी आणि न बोळकी.

तेमुलेन मात्र
मी दुसरी बादली उचलायच्या आत तोंड पुसून मोकळा.
आ कर, म्हटलं. खालच्या दाढेत काळा ठिपका.
घोडे मोजलेस?
मोजले.
किती?
सात.

गेल्या हिवाळ्यात गवतावर बर्फाची काच बसली होती
ती मार्चपर्यंत फुटली नाही, हे मला ठाऊक होतं.
त्यांच्या खोऱ्यात कोण किती उरलं, तेही ऐकलं होतं.
आणि मी, शहाणी, पोरांना घोडे मोजायला लावत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून बोलले:
गेलेले पण मोज.

तो माझ्याकडे पाहत राहिला,
अपशकुनी बोलले की काय असं मला वाटलं.
मग त्यानं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

तेव्हापासून तोच शेवटी उरतो.
बाकीची पांघरुणात शिरतात, दिवा बारीक होतो,
तो बादलीशी उभा, हात हळूहळू फिरतोय.
वरच्या डाव्या दाढेवर तो फार वेळ थांबतो.
तिथे कुठली घोडी आहे, मी विचारलं नाही.

डिसेंबरात ब्रशांचे केस फाकले,
वाऱ्यात पळणाऱ्या मेंढीच्या लोकरीसारखे.
तीन महिने झाले, आता बदला.
जुने मी पोत्यात गोळा करत होते.
तेमुलेननं त्याचा मागून घेतला.
कशाला रे?
लगामाची कडी घासायला.
कुठल्या घोड्याचा लगाम, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला
आणि मी तो गिळला.
घोडा नाही, पण लगाम आहे, असंही असतं माणसाचं.

जुना ब्रश त्यानं बुटात खोचला.
नवा उघडला, केसांवरून अंगठा फिरवून पाहिला.
मऊ आहे, म्हणाला.
बादलीवर पुन्हा साय धरावी तसा बर्फ धरला होता.
मी तो फोडला आणि थांबले,
त्याची उजवी बाजू अजून राहिली होती.