चौऱ्याहत्तर

पहाटे साडेपाच. न्यू जर्सीत शनिवारची रात्र.
दहा भावंडं, स्क्रीनवर दहा चौकटी,
प्रत्येकाकडे दोनशे डॉलर, खोटे.

मी रावपुऱ्यातली. गुडघे हा माझा धंदा.
वीस वर्षं लोकांना वाकवते, सरळ करते,
म्हणून पक्कं ठाऊक आहे:
बॉल छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसणारा
रनिंग बॅक म्हणजे उघड्यावरचं दूध.
वहीत लिहिलंय, खाली दोन रेघा:
बॅकसाठी साठाच्या वर जायचं नाही.

श्रीरंग बोली लावतो: चाळीस.
एडिसनहून हेमलता: पंचेचाळीस.
मी गप्प. चहावर साय धरते.
मग त्या पोराची जुनी क्लिप आठवते,
डावा पाय रोवून तो उजवीकडे असा वळतो
की गुडघा पावलाच्या बरोब्बर वर राहतो,
जे मी खंडेराव मार्केटच्या हमालांना
रोज शिकवते
आणि कुणी करत नाही.

एकसष्ट. अडुसष्ट.
काल कोथिंबिरीच्या जुडीवरून
दोन रुपयांसाठी परत फिरलेली मी
म्हणते, चौऱ्याहत्तर.

शांतता.
"घे ताई, तुझा नवरदेव," श्रीरंग हसतो.

उरलेल्या पैशांत उरलेली माणसं.
एकेका डॉलरचे तिघे, त्यातला एक
आत्ताच लंगडतोय, फोटोतसुद्धा दिसतं.

साडेआठला कांतिभाई येतात, टेबलावर आडवे होतात.
त्यांचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरते
आणि नेहमीपेक्षा जरा हळू वाकवते.